घोळणा

प्रयोगशाळेतल्या यंत्रातून निघालेला कागद व्हर्नानं टेबलावर पसरला, तेव्हा शुक्रवारचे साडेतीन वाजले होते. पोलिसांना एका मोटारीच्या डिकीत सापडलेला रक्ताचा डाग कुणाचा, हे डीएनएवाल्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. महिनाभर बेपत्ता असलेल्या डेल लाहतीचा. तो शरीराच्या कुठल्या भागातला, एवढंच व्हर्नाला शोधायचं होतं. ते प्रथिनांवरून कळतं. रक्ताची वेगळी, नाकातल्या शेंबडाची वेगळी, मेंदूची तर अगदीच वेगळी. नाकातलं रक्त असेल तर डेल कुठेतरी जिवंत असू शकत होता.

डेलच्या बापाला नाकाचीच आशा होती. रेनो लाहतीनं पोलिसांना जबाबात सांगितलं होतं, "हिवाळ्यात हवा कोरडी झाली की पोराचा घोळणा फुटतो. उशा, माझे शर्ट, सगळं भरवून ठेवायचा." पोरगा एकेचाळीस वर्षांचा होता. व्हर्नानं तो जबाब तीनदा वाचला होता आणि खरं तर एकदाही वाचायला नको होता. घरच्यांचं काही वाचू नये असा इथला दंडक आहे, म्हणजे यंत्र दाखवतं तेच दिसतं.

कागदावर सगळ्यात वर, नेहमीप्रमाणे, कातडीची प्रथिनं होती. हातमोजे चढवा, टोपी घाला, तपासणाऱ्याची कातडी थोडीफार नमुन्यात उतरतेच. ती आधी खोडायची असते. व्हर्नानं स्वतःला खोडलं. तिच्या असण्याची एवढी दखल यंत्राखेरीज अलीकडे कुणी घेतली नव्हती.

त्याखाली रक्त. मग तिनं नाकातली प्रथिनं शोधली. बोट ठेवून ओळ अन् ओळ शोधली. नव्हती. मेंदूची होती, आणि थोडीथोडकी नव्हती. सकाळीही हेच उत्तर आलं होतं. ते खोटं ठरावं म्हणून तिनं नमुना पुन्हा घातला होता, पण यंत्र आपल्या बोलण्यावर ठाम होतं.

दुसऱ्या तपासनिसानं स्वतंत्रपणे वाचून सही केल्याशिवाय निकाल बाहेर जात नाही. दुसरा तपासनीस, गॉर्डी, गोठलेल्या तळ्यात भोक पाडून मासे धरायला गेला होता, तो सोमवारी उगवणार. तोवर डेल मेलाय हे व्हर्नाला एकटीला ठाऊक. तिला वाईट वाटत होतं, आणि ते सांगायलाही कुणी नव्हतं.

खिडकीतून खाली पाहिलं तर रेनोचा ट्रक याही शुक्रवारी आवारात उभा होता. तिनं कोट चढवला.

नियमाबाहेर एक शब्दही बोलायचा नाही, हे तिनं जिन्यातच ठरवलं होतं. रेनोनं काच खाली केली. सत्तरी ओलांडलेला, कानांवर टोपी ओढलेला माणूस. व्हर्नानं आपली ओळख करून दिली. प्रयोगशाळा फक्त पोलिसांशी बोलते, निकाल लागला की तेच कळवतील, अंधार पडला की रस्त्यावर बर्फ धरेल, आत्ताच निघालेलं बरं. आवाज कुठे हलला नाही याचं तिला समाधान वाटलं.

रेनोनं सगळं ऐकून घेतलं. मग तो डेलबद्दल बोलू लागला. एकदा ईस्टरला चर्चमध्ये भर प्रार्थनेत त्याचा घोळणा फुटला, पुढच्या बाकावरच्या बाईची पांढरी टोपी गेली कामातून, आणि ती बाई नेमकी पाद्र्याची बायको. व्हर्नाला हसू आलं. रेनोही हसला, आणि हसता हसता तिच्याकडे बघत राहिला.

"मागचे तीन शुक्रवार तुम्ही त्या दारावरच्या पोरीला धाडलंत," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला घरी जायला सांग म्हणून. आज स्वतः उतरून आलात."

व्हर्ना काहीतरी सांगायला खिडकीशी वाकली.

"नका. काही बोलू नका, बाई. कळलं मला. नोकरी जाईल तुमची."

त्यानं शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली, आणि तिच्यासाठी पलीकडचं दार आतून ढकलून उघडलं.