महाराणीचा मागचा डावा पाय

सकाळी अकराला मेंढी पळाली.

तिच्या मागच्या डाव्या पायातला बोटाच्या पेराएवढा हाडाचा तुकडा काढून तिथे जाळी बसवली होती. रेशीम आणि पॉलिमर एकत्र विरघळवून, त्याचे केसाहून कितीतरी बारीक तंतू ओढून, थरावर थर चढवून केलेली. हाड वाढेल तशी जाळी विरून जावी, असा बेत होता. नुसत्या रेशमाची आधीची जाळी ठिसूळ निघाली होती. तेव्हापासून संशोधन केंद्राचे प्रमुख ती बनवणाऱ्या संशोधिकेला दिसेल तिथे ऐकवत, "रेशमाचे रुमाल होतात, बाई. हाडं नाही होत."

आधाराची धातूची पट्टी गेल्याच आठवड्यात काढली होती. आज हाडांचे डॉक्टर पाहायला आले होते. पाय टिकला, तर जाळी माणसांवर वापरून पाहावी अशी शिफारस ते करणार होते. मोडला, तर काम बंद. म्हणून मेंढीला फक्त चार पावलं चालवायचं ठरलं, तीही गादीवरून. सगळे तिला महाराणी म्हणत आणि वागवतही तसंच.

पिंजऱ्याचं दार उघडलं. सगळ्यांचे डोळे पायाला चिकटलेले. दोरीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

महाराणीने गादीला वळसा घातला आणि प्रमुखांना बगल देऊन थेट अंगण गाठलं.

"अहो, धरा तिला! पाय मोडेल तिचा!" संशोधिका ओरडली. कधी बससाठीही न धावलेली ती चपला हातात घेऊन धावत सुटली.

समोर कमरेएवढी भिंत होती. मेंढीने वेग कमी केला नाही. संशोधिकेने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा मेंढी भिंतीपलीकडच्या मैदानात उधळली होती, मागच्या दोन्ही पायांनी माती उडवत.

"जाळी कुठल्या पायात म्हणालात?" धापा टाकत आलेल्या डॉक्टरांनी विचारलं. "मला तर फरकच दिसत नाही."

संशोधिका नुसती हसत होती, चपला अजून हातातच. प्रमुख एव्हाना भिंतीवर चढले होते.

"सर, राहू द्या, उडी नका मारू!"

"राहू द्या काय? आपला पुरावा पळतोय, बाई!"

दुपारी एकपर्यंत मेंढी कुणाच्या हाती लागली नव्हती. प्रमुख तेवढे परतले, लंगडत.