डॉक्टर जगन्नाथरावांचा गॅस

निजामाच्या राज्यातल्या जालन्यात बसून आपण जगाला शिकवायला जन्मलोय, अशी डॉक्टर जगन्नाथरावांची पक्की खात्री होती. मेंदूभोवती रक्त साकळलेल्या माणसाला आपला गॅस हुंगवला, की कवटीला भोक पाडलं तरी तो हूं की चूं करत नाही, हा त्यांचा शोध. तो सिद्ध करायला त्यांना भोकरदनकडची नंदाबाई सापडली. मोटेचं चाक डोक्यात बसल्यापासून तिचं डोकं ठणकायचं आणि एक हात लुळा पडत चालला होता. घरच्या बाईला परका पुरुष हात लावणार म्हणून तिचे सासरे कडूबा पाटील काठी घेऊन दवाखान्याच्या दारातच पहारा देत उभे राहिले.

डॉक्टरांनी प्रयोग पाहायला बोलावलेल्या तहसीलदारांना पुढची खुर्ची दिली, गॅसच्या थोरवीवर लांबलचक भाषण ठोकलं, नंदाबाईच्या तोंडावर रबरी मुसकं बसवलं आणि कवटीवर गिरमिट चालवलं. ती दगडासारखी पडून राहिली. काळपट रक्त बाहेर आलं.

"बहोत खूब!" तहसीलदार म्हणाले. डॉक्टरांची छाती अशी फुगली, की कोटाची गुंडी तुटायचीच बाकी होती.

मग ऐटीत ते गॅस बंद करायला वळले. चावी बंदच होती. भाषणाच्या नादात ती उघडायचीच राहिली होती.

तहसीलदार गेल्यावर डॉक्टरांनी तिच्या कानाशी वाकून दबक्या आवाजात विचारलं, "अगं, मग तू ओरडली का नाहीस?"

नंदाबाईनं धडधाकट हातानं पदर पुढं ओढला.



"मामंजी दारात हुबे व्हते ना."