बावीस तासांचा थांबा

“आजोबा, एक विचारू? तुम्ही खूप श्रीमंत आहात का हो?”

विचारून टाकलं आणि तिचे कान तापले. पैज तिच्या वर्गातल्या चष्मिषनं लावली होती. विमानतळावरच्या बिझनेस क्लासवाल्यांच्या लाउंजचा फोटो तिनं शाळेच्या ग्रुपवर टाकला काय, आणि मैत्रिणी पेटल्याच. तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून दाखव, नाहीतर तू भित्री भागूबाई. भित्री भागूबाई ती गेल्या वर्षीपर्यंत होती. यंदा वक्तृत्वाची ढाल आणल्यापासून नव्हती.

सगळ्यात म्हातारे हेच होते. मराठी आहेत हे कळायलाही वेळ लागला नाही. सूप आणायला खुर्चीतून उठताना “आई गं” म्हणाले होते.

आजोबांनी सूपचा वाडगा खाली ठेवला. “कोणी पैज लावली?”

“मैत्रिणींनी.”

“मग त्यांना कळव, ही विमान कंपनी माझीच आहे म्हणून.”

“आणि खरं?”

“खरं म्हणजे हे तिकीट शोधण्यात माझे एकवीस दिवस गेले. गुडघे वाकत नाहीत, पाय पसरायला जागा लागते. मग काय करायचं, मंगळवारीच निघायचं, आपलं गाव सोडून शेजारच्या देशातून चढायचं आणि मध्ये कुठंतरी बावीस तास पडून राहायचं. एवढं केलं की निम्म्यात मिळतं.”

तिचा चेहरा उजळला. आता आपल्या जातकुळीतलं माणूस भेटलं. “माझा थांबा एकोणीस तासांचा आहे. मीच शोधलाय.”

“एकोणीस म्हणजे अजून शिकाऊ आहेस.”

ती हसत समोरच्या खुर्चीत मांडी घालून बसली आणि सांगत सुटली. एकटी पोरगी, साध्या सीटवर अनोळखी माणसांच्या गर्दीत नको, असं बाबाचं म्हणणं. थेट विमानाचं बिझनेस क्लास परवडायचं नाही, असं आईचं. ते दोघं एकमेकांशी काय ते तिच्यामार्फतच बोलत, त्यामुळे तोडगाही तिनंच काढला. एकोणीस तास मध्ये थांबलं की दोघांचंही खरं होत होतं.

“शाळेला आईकडे, सुट्टीला बाबाकडे,” ती म्हणाली. “आत्ता बाबाकडे चाललेय.”

“घ्यायला येतो का बाबा?”

“गाडी पाठवतो. ड्रायव्हर पाटी घेऊन उभा असतो. पाटीवर माझं नाव छापलेलं असतं, एकदम मस्त.” मैत्रिणींना सांगताना ती हे मस्त जसं म्हणायची, तसंच म्हणाली. “आणि तुम्हाला?”

“आमची ही होती तेव्हा मी थेट विमानानंच यायचो. साधी सीट, गुडघे पोटाशी. ही काचेला नाक लावून उभी. अर्धा तास उशीर झाला तरी गाल फुगवून बसायची, जसं काही विमान मीच चालवत होतो.” त्यांनी सूप चमच्यानं उगाच ढवळलं. “आता बावीस काय, चव्वेचाळीस तास मिळाले तरी घेईन. तिकडे कोणी खोळंबलेलं नसलं ना बाळा, की लांबचा थांबा फार स्वस्त पडतो.”

मंगळवारची युक्ती सांगितली होती त्याच सुरात त्यांनी हे सांगितलं. मग बूट काढून शेजारी शेजारी नीट ठेवले, खुर्ची मागे केली. “माझं विमान लागलं तर उठव हं.”

विमान त्यांचं उद्या सकाळचं होतं.

काचेतून आलेलं दुपारचं ऊन गालिच्यावरून सरकत त्यांच्या बुटांपाशी पोचलं. लाउंजमध्ये माणसं येत, केक घेत, घड्याळ बघत आणि जात. आज सहा वाजल्यापासून तिनं अशा किती जणांना जाताना पाहिलं होतं. ग्रुपवर चष्मिष विचारत होती, काय म्हणाले, आहेत का श्रीमंत? तिनं लिहिलं, विमान कंपनीच त्यांची आहे. वर हसरे चेहरे टाकले, तिकडूनही आले, आणि मग सगळ्या जणी क्लासला गेल्या.

फोनमध्ये आणखी दोन निरोप होते. आईचा, पोचलीस ना? बाबाचा, ड्रायव्हरचा नंबर पाठवलाय.

तेरा तास उरले होते.

तिनं आईला फोन लावला आणि त्याच फोनवर बाबालाही घेतलं. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

“काय गं, बरी आहेस ना?” आई.

“विमान रद्द झालं का?” बाबा.

मग दोघांनीही एकमेकांचा आवाज ओळखला.

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. ढाल मिळवली तेव्हा उभी होती तशी ताठ, पण आवाज मात्र हळू, मागे आजोबा झोपले होते म्हणून. “काही झालं नाहीये. मी एक ठरवलंय, ते सांगतेय. परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही, ते मी थेट विमानाचं काढणार. साधी सीट. आणि बाबा, उद्या ड्रायव्हर नको, तू ये. परतताना आई, तू.”

“अगं, उद्या सकाळी माझी मीटिंग…” बाबानं सुरुवात केली.

“उशीर झाला तर थांबेन. थांबायची सवय आहे मला. फक्त पाटी आणू नका. मी ओळखते तुम्हाला.”