हंड्यातले नवरदेव

चार हंडे. लग्नात मिळालेलं एक पातेलं. पायात एकच चप्पल. पिवळ्या धुळीने माखलेल्या द्वारकाकाकूंच्या भुवया.

आमच्या बायकांच्या गटाचं हे मक्याचं पहिलंच बियाणं, पाच गुंठ्यांतलं. मादीच्या ओळींचे तुरे उपटायचे, नराचे राखायचे. त्यांचे पराग मादीच्या कणसांवर पडले तरच बी धरतं. काल काकूंनी झपाट्यात नराचेही सगळे तुरे उपटून बांधावर टाकले.

"काकू, ओळ कळत नाही तर हात कशाला लावता?" मी सगळ्यांदेखत म्हणाले.

कुशावर्ता मटकन खाली बसली. "संपलं. पुढच्या वर्षीही दुकानातलीच पिशवी."

काकूंनी तुरे गोळा केले, फुलांसारखे पाण्यात उभे केले आणि घरी सावलीत नेऊन ठेवले.

आज सकाळी नऊ वाजता त्यांनी शेतात एक तुरा झटकला आणि पिवळी धूळ उडाली. मग आम्ही तेराजणी मुठी भरभरून तुरे घेऊन ओळीओळीतून पळत सुटलो, कणसांच्या चिकट केसांवर ते झटकत. काकू कमरेवर हंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे.

"हळू गं, माझे नवरदेव सांडतील."

"सांडू द्या, काकू. नवऱ्या रांगेत उभ्या आहेत."

हसता हसता कुशावर्ताला ठसका लागला. धूळ शेवटच्या कणसापर्यंत पुरली. उरलेली चिमूटभर काकूंनी माझ्या गालाला फासली.

नराच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला लाल चिंधीची काठी रोवायचं काम माझं होतं, आणि पेरणीच्या दिवशी मी ते केलं नव्हतं.