‘अगंबाई’चं कार्ड

शब्दकोश करणाऱ्या बाबांचा एक हट्ट होता. उदाहरणाचं वाक्य मनानं रचलेलं चालायचं नाही. ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं आणि कोण बोललं, कुठे, कधी, तेही कार्डावर हवं. त्या दुपारी कार्डं तपासता तपासता लेकीचा हात थबकला.

‘अगंबाई : आश्चर्य दाखवणारा उद्गार. उदा. अगंबाई, तुम्ही अजून जेवला नाहीत? बोलणारी : आमची ही. ठिकाण : स्वयंपाकघर.’ खाली तारीख होती, कालची.

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

“बाबा, तारीख चुकलीय.”

“चाळीस वर्षांत तारखेत चुकलो नाही मी. जेवायचं मात्र खरंच राहिलं होतं.”

बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, अशी नुसती कुणकुण लागली असती तरी प्रकाशकांनी काम काढून घेतलं असतं. आणि आई गेल्यापासून ते त्या कामावरच तर तग धरून होते. बाबा चष्मा पुसताहेत असं पाहून लेकीनं कार्डाचे हळूच दोन तुकडे केले आणि मुठीत लपवले.

“अगंबाई! फाडलंस होय गं?” रिकाम्या स्वयंपाकघरातून आवाज आला.

लेकीनं वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. बाबांनी शांतपणे चष्मा चढवला आणि कोरं कार्ड पुढे ओढलं.



“हे वाक्य जास्त चांगलं आहे. आजची तारीख सांग बरं.”