विसरलेला चष्मा

दुसरीच्या वर्गाला गोष्टी ऐकायचा भारी नाद, पण स्वतः पुस्तक उघडायचं म्हटलं की सगळ्यांना नेमकी तहान लागायची. "बाई, तुम्हीच वाचा ना!" हे पालुपद ठरलेलं. शेवटी बाईंनी एक शक्कल लढवली. गोष्ट तोंडी सुरू करायची, ती ऐन रंगात आली की पुस्तक उघडायचं, पर्स चाचपायची आणि कपाळावर हात मारून घ्यायचा. "अगं बाई, चष्मा आजही घरीच राहिला! आता ती होडी बुडाली की तरली, ते तुमचं तुम्हीच वाचा बरं."

मात्रा बरोबर लागू पडली. महिन्याभरात पुस्तकांच्या पेटीवर उड्या पडू लागल्या. वाचायची पाळी आली की जिच्या पोटात हमखास दुखायचं, ती मागच्या बाकावरची चिमीसुद्धा ओळीवर बोट ठेवून पानामागून पान संपवू लागली. पर्सच्या तळाशी पडलेला चष्मा बघून बाई मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटायच्या.

एक दिवस शाळा सुटल्यावर चिमी घुटमळत मागे राहिली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने दप्तरातून आपलं जुनं, कोपरे दुमडलेलं बाराखडीचं पुस्तक काढलं, बाईंच्या हातात ठेवलं आणि त्यांच्या कानाशी लागली.



"यातनं अक्षरं लवकर येतात, बाई. चष्म्याचं मी कुण्णाला सांगणार नाही. माझं तरी पोट कुठं खरं दुखायचं!"