ते आल्यावर जेवेन

"एक चमचा, बाईसाहेब. एकच."

म्हातारीने ओठ घट्ट मिटले. आचाऱ्याने वाटी खाली ठेवली. भाज्यांच्या सूपमध्ये त्याने अंडं फेटून घातलं होतं, दुधाची पावडर, वर लोण्याचा गोळा. चार घास गेले तरी दिवसभराचं बळ पोटात जावं, म्हणून. सकाळपासूनची ही तिसरी वाटी.

"ते आल्यावर जेवेन," ती म्हणाली.

"त्यांना उशीर होईल. तुम्ही सुरू करा, असा निरोप आहे."

"थापा मारू नका, आचारीबुवा. त्यांना सोडून मी कधी जेवले आहे? आणि ह्यात मीठ कुठंय? तुम्हाला कामावर ठेवलं तरी कुणी?"

"जुना माणूस आहे. आता काढताही येत नाही."

ती खुदकन हसली. तेवढ्यात त्याने चमचा पुढे केला. ओठ पुन्हा मिटले.

काल त्याने ॲप्रन काढून खुंटीवरचा निळा शर्ट चढवला होता आणि दारातूनच हाक दिली होती, "आलो गं! वाढ." ती थरथरत उठून बसली. "त्यांचा शर्ट काढा आधी! जनाची नाही, मनाची तरी?" वाटी भिंतीवर फुटली.

दुपारी नर्स वजनकाटा घेऊन आली. दोघांनी म्हातारीला धरून उभं केलं. चौतीस किलो. गेल्या आठवड्यात छत्तीस होतं.

स्वयंपाकघरात येऊन नर्सने आवाज खाली आणला. "काका, खरं काय ते सांगून पाहिलंत?"

"दोनदा. दोन्ही वेळा नुसता आकांत. मग दिवसभर पाण्याचा घोटही नाही."

"मग नाकातून नळी घालावी लागेल. पेशंट ती ओढून काढतात, म्हणून हातही बांधावे लागतात."

"एक दिवस द्या. पाया पडतो तुमच्या. लोणी वाढवतो, फळं वाटून देतो..."

"अहो, पोटात गेलं तर ना!" तिने कागद पुढे सरकवला. "घरच्या माणसाची संमती लागेल."

आतून क्षीण आवाज आला, "आचारीबुवा, ते आले का हो?"

"येतीलच, बाईसाहेब."

त्याने पेन उचललं. सही केली. मग 'रुग्णाशी नाते' या शब्दांपुढे, एकेक अक्षर जपून, त्याने लिहिलं: पती.